नीमान म्हणजे नेमकं कोण?

लेम्गो,
नोव्हेंबरातला एक ओला मंगळवार

तीर्थरूप ओटिलिए आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना माझा नमस्कार, डाव्या गुडघ्याला जरा हलक्या हाताने. गुडघा कसा आहे? नवं मलम लागू पडतंय का, की तू ते अजून कपाटात जपून ठेवलं आहेस? (मलम पाहुण्यांसाठी ठेवत नसतात, आत्या.) शेजारच्या खोलीतल्या ब्र्योकरबाई पत्त्यांत अजून लबाडी करतात का? तुमच्या वृद्धाश्रमातला नवा स्वयंपाकी बटाट्यात मीठ घालायला शिकला का? तू पाठवलेला नाशपातीचा मुरांबा पोचला. बरणीचं झाकण वाटेत सैल झाल्यामुळे सोबतचे लोकरी मोजेही गोड झाले होते, पण ते धुऊन वापरतो आहे. माझं म्हणशील तर प्रकृती ठणठणीत, भूक बरी, झोप लागते. फक्त डोकं ठिकाणावर नाही. गेले काही आठवडे मी कोण आहे हेच मला कळेनासं झालं आहे, आणि हे डॉक्टरला सांगायची सोय नाही, कारण तो लगेच मेंदूचा फोटो काढायला पाठवेल. म्हणून तुला लिहितो आहे. तूच मला लहानाचा मोठा केलास, तेव्हा मी कोण हे निदान तुला तरी ठाऊक असायला हवं.

गोष्ट रोझविताची आहे. (पत्र खाली ठेवू नकोस. चष्मा पूस आणि पुढे वाच.) मागे फोनवर तू तिला 'ती गुत्तेवाली' म्हणालीस. गुत्ता नव्हे, खानावळ आहे, गावाबाहेर पुलापाशी, तिच्या पणजोबांनी काढलेली, आणि समोरच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरांत 'श्लुकेबिअर' असं रंगवलेलं आहे. आता आडनावच तसं, त्याला ती बिचारी काय करणार? बिअर ढोसणारे ते श्लुकेबिअर, ह्याचा अर्थ विचारायला कुणा पंडिताकडे जावं लागत नाही. मी वजनमापं खात्यात असताना तिच्या पेल्यांवरच्या रेघा तपासायला गेलो होतो, हे तुला सांगितलंच आहे. बिअर रेघेपर्यंत आणि फेस रेघेच्या वर, असा नियम आहे, आणि अख्ख्या जिल्ह्यात तो मनापासून पाळणारी मला एकटी रोझविताच भेटली. माझ्या पोटाला बिअर सोसत नाही. मी तिथे बसून कॅमोमाइलचा चहा पितो. तरी निवृत्त झाल्यावरही रेघा बघायच्या म्हणून जातच राहिलो. रेघा जिथल्या तिथे होत्या. सप्टेंबरात एकदा तिनं माझ्यापुढे गरम पिकर्ट ठेवला, वर बिटाचा काळा पाक ओतला, आणि त्या जाडजूड बटाट्याच्या धिरड्यातून वाफ निघत असतानाच मी तिला लग्नाचं विचारून टाकलं.

तिनं हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, "लग्नाला हो. नावाला नाही." मी म्हटलं, नावाला काय झालं, चांगलं जुनं नाव आहे. तर म्हणाली, "हे बघ एकेहार्ट, एकदा मी एका माणसासाठी नाव बदललं. माणूस पळाला, नाव माझ्या गळ्यात राहिलं. ते उतरवायला कचेऱ्यांत किती खेटे घातले ते माझं मला ठाऊक. आता ह्या वयात पुन्हा नाव बदलायचं, आणि कशासाठी, तर कोणीच-नाही होण्यासाठी?" आत्या, तिचं काही खोटं नव्हतं. नीमान आणि नीमांट. एका 'ट'चा काय तो फरक, आणि 'नीमांट' म्हणजे कोणीच नाही. आपल्याकडे लोक शेवटचं अक्षर गिळतात, त्यामुळे तेवढाही फरक उरत नाही. शाळेत काच फुटली आणि मास्तरांनी कोणी फोडली असं विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात 'नीमांट' म्हणायचा, आणि मास्तर मला कोपऱ्यात उभं करायचे. (तू तेव्हा मुख्याध्यापकांशी भांडायला गेली होतीस. त्यांनी दारातच विचारलं, कोण आलंय? तू नाव सांगितलंस. त्यांनी दार लावून घेतलं.)

तू म्हणशील, आजकाल ज्याचं नाव ज्याच्यापाशी राहू शकतं. राहू शकतं, पण तेच मला नको होतं. माझ्या दारावरच्या घंटीखाली इतकी वर्षं एकच आडनाव एकट्याने चिकटून बसलं आहे. मला एका नावाखाली दोघं हवी होती, आणि रोझविताचंही म्हणणं तेच, की दारावर पाटी एकच असेल. शेवटी तिनं मला मुदत दिली. "नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला मी हंस भाजते. तोवर ह्या नावाचा खरा अर्थ शोधून आण. चांगला निघाला तर मी घेते. कोणीच-नाही निघाला तर तू माझं घे. आणि दोन्ही जमत नसेल तर चहा पीत जा, लग्नाचं राहू दे." ती हे सगळं भांडी विसळता विसळता बोलली, पण मी तिला ओळखतो. रेघ म्हणजे रेघ. आणि दुसऱ्या बाजूला तू होतीस. नीमान म्हणून आता आपण दोघंच उरलो. त्या ऑर्गन वाजवणाऱ्या पीपरसाहेबांना तू नकार दिलास तो नाव जाईल म्हणूनच, असं बाबा सांगायचे. मी श्लुकेबिअर झालो तर तुझ्या जिवाला काय वाटेल, ह्या विचारात समोरचा चहा गार होऊन जायचा.

मी आधी आजोबांचाच अर्थ पुढे केला. नी म्हणजे कधीच नाही, आणि मान म्हणजे माणूस. रणांगणातून कधीच न पळालेला माणूस, तो आपला मूळपुरुष, आणि त्याचं मानचिन्ह तुझ्या पलंगावर टांगलेलं, सिंह आणि बुरूज. मी त्या चित्राचा फोटो रोझविताला दाखवला. तिनं तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला, आणि विचारलं, "हा सिंह जीभ बाहेर काढून कुणाला चिडवतोय?" पुरावा म्हणून एवढं पुरेना. तेव्हा मी डॉ. टेव्हेस यांच्याकडे गेलो. निवृत्त मुख्याध्यापक, आडनावांचे जाणकार, इतिहास मंडळात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी सगळी दुपार दिली. नीमान म्हणजे अमुक, किंवा तमुक, किंवा एखाद्या ओढ्याचं नाव, किंवा निकोलाउसचं लाडकं रूप, किंवा लिहिणाऱ्याची चूक. प्रत्येक 'किंवा'ला ते एक बिस्कीट खात होते. मी गेलो तेव्हा मला एक अर्थ ठाऊक होता, निघालो तेव्हा तोही खात्रीचा राहिला नाही. आणि आत्या, हे सांगू की नको असं झालं आहे, पण त्यांच्या न्हाणीघरात तुझाच सिंह टांगलेला आहे. तोच बुरूज, तीच जीभ, खाली फक्त 'टेव्हेस' लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांनी तो दारावर आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडून घेतला होता. मी हात न धुताच बाहेर आलो.

एक गोष्ट मात्र टेव्हेससाहेबांनी कामाची सांगितली. पणजोबा सिगारच्या कारखान्यात कामाला म्हणून लेम्गोला आले, ते ओस्टरलोह गावच्या नीमानवाडीहून, आणि ती वाडी अजून उभी आहे. दुसऱ्या दिवशी बस पकडून मी तिथे पोचलो. चिखल असा की एक बूट वाटेतच राहतो की काय असं वाटलं. अंगणात एक ठसठशीत बाई झाडत होती. मी टोपी काढून म्हटलं, नमस्कार, मी नीमान. ती झाडायचं न थांबवता म्हणाली, "छे, तुम्ही नाही. नीमान वर छपरावर आहे." मी वर पाहिलं. कौलं बदलणारा एक माणूस मला हात करत होता. बाईनं हाक मारली, "देत्लेफ, खाली ये रे, इथे एक गृहस्थ आलेत, ते म्हणतात ते तू आहेस." मला तिथल्या तिथे रडू येईल असं वाटलं, पण आनंदाने. आपल्या रक्ताचा एक माणूस अजून वाडीवर आहे, म्हणजे आपण दोघंच नाही आहोत, हे तुला आजच कळवू असं मनात म्हणेपर्यंत तो शिडीवरून उतरला, हात पुढे केला आणि म्हणाला, "चिबुल्स्की."

मी विचारलं, नीमान कुठे आहेत? तो म्हणाला, मीच. मग चिबुल्स्की कोण? तोही मीच. त्याचे आजीआजोबा लढाईनंतर पूर्वेकडून आले, तो दुधाचा टँकर चालवतो, आणि ही बाई, हायके, ह्या घरची लेक, तिच्याशी लग्न करून इथे राहायला आला. कागदावर चिबुल्स्की, पण गावात नीमान, कारण नीमानच्या घरात राहतो. मी म्हटलं, म्हणजे ह्या बाईंचे वडील नीमान? हायके म्हणाली, "नाही हो, ते ग्रोटे. पण ते पण नीमानच." मग तिचे आजोबा? ते आणखी कुणी. पण तेही नीमान. आत्या, मी आयुष्यभर एक लिटर म्हणजे एक लिटर ह्या हिशेबाने जगलो आहे. मला अंगणातल्या ओंडक्यावर बसावं लागलं.

तिथे बसल्या बसल्या मला समोरच्या मोठ्या दारावरची तुळई दिसली. आपल्याकडच्या जुन्या शेतघरांवर असते तशी, नवराबायकोची नावं आणि देवाचं वचन कोरलेली. चष्मा लावून वाचलं. आधी 'योहान हेर्मान झाउअरबिअर', मग 'ग' आणि 'ट' अशी दोनच अक्षरं, मग 'नीमान', आणि पुढे 'आना इल्साबाइन नीमान'. माझ्या जिवात जीव आला. घर बांधणारा सुतार आपलं नाव कोरतो हे मला ठाऊक होतं, तेव्हा झाउअरबिअर हा सुतार. आणि ग-ट म्हणजे 'गुट', चांगला, हे तर उघडच होतं. चांगला नीमान आणि त्याची बायको आना इल्साबाइन. म्हणजे आपला पूर्वज इतका सज्जन होता की लोकांनी ते लाकडात कोरून ठेवलं. मी फोटो काढले, हायकेला म्हटलं, काय चांगला माणूस असेल हो, आणि सुतारही किती चांगला. ती झाडू टेकवून उभी राहिली. "सुतार कसला? सुतार तिकडे कोपऱ्यात आहे, करवतीच्या चित्राखाली. झाउअरबिअर म्हणजे नवरा. ग-ट म्हणजे 'गेनांट'. नाव झाउअरबिअर, लोक म्हणतात नीमान."

एवढ्याशा दोन अक्षरांनी माझ्या तोंडचं पाणी पळालं. हायकेनं मला आत नेलं, कॉफी दिली, आणि मग दोघांनी मिळून मला समजावलं. (तो एक सांगायचा, ती दुसरं सांगायची, आणि मग दोघं एकमेकांना दुरुस्त करायचे.) ह्या भागात नाव माणसाचं नव्हतंच, जमिनीचं होतं. ज्याची लेक वारस, त्याच्या घरी जावई राहायला यायचा, आपलं नाव फाटकाबाहेर ठेवून यायचा आणि घराचं नाव घ्यायचा. घरजावई, आत्या. सरळ शब्द तोच आहे. आपल्या घराण्यातले झाडून सगळे पुरुष घरजावई. एकजण झाउअरबिअर होता, त्याच्यानंतरचा आणखी कुणी, आणि नाव टिकलं ते बायकांमुळे, ज्यांचा आजोबांनी कधी उल्लेखही केला नाही. मी शेवटची आशा म्हणून विचारलं, पण अगदी पहिला नीमान तरी कोण? रणांगणावरचा? देत्लेफ हसला. "आपल्या प्लाट बोलीत 'नी' म्हणजे काय? नवा. कुणीतरी कुठूनतरी आला, गावानं म्हटलं नवा माणूस, झालं. मला येऊन एवढी वर्षं झाली, तरी पारावर, म्हणजे आमच्या त्या लिंडेनच्या झाडाखाली, मी अजून नवाच." म्हणजे कधीच-नाही नव्हे, कोणीच-नाही नव्हे, नवा माणूस. अर्थ चांगला होता. मी हर्षाने कपात साखरेऐवजी मीठ घातलं असतं, पण तेवढ्यात हायके कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "थांबा. तुमचे पणजोबा इथून गेले ना? घर सोडणारा नाव इथेच ठेवून जातो. म्हणजे तुम्ही आमचं नाव घेऊन पळालात." मी म्हटलं, सरकारने तेव्हा नावं कायमची करून टाकली होती, त्यांचा काय दोष. ती म्हणाली, "ते असू दे. परत द्यायला आला आहात का?" थट्टाच होती, पण मी कानकोंडा झालो आणि माझ्याजवळची छत्री तिथेच विसरून आलो.

रोझविताकडे गेलो तेव्हा ती सणाच्या हंसाची पिसं उपटत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नवा माणूस हे ऐकून तिनं मान डोलावली. म्हणाली, "चांगला अर्थ आहे. शब्द दिला तो दिला. घेते मी." आत्या, मी जिंकलो होतो. आणि जिंकून मला बरं वाटेना. कारण ती ते म्हणाली आणि तिनं खिडकीतून बाहेर त्या रंगवलेल्या भिंतीकडे एकदा पाहिलं, एवढंच. मग मी तिला झाउअरबिअरचंही सांगितलं, की हिशेबाने पाहिलं तर मी नीमान नाहीच, झाउअरबिअर, म्हणजे आंबट बिअर आहे. आपल्याकडे कुणी नको असलेला माल गळ्यात मारायला लागला की तू काय म्हणतेस? आंबट बिअर विकतोय. रोझविता हसायला लागली ती थांबेना, पिसं सगळ्या स्वयंपाकघरात उडाली. डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्षं ही आंबट बिअर कुणी उचलली नाही, त्याचं कारण आता कळलं. ही संपवायला श्लुकेबिअरच पाहिजे." मला पहिल्यांदाच त्या आडनावात काही वावगं वाटलं नाही.

तर आता तूच सांग. मी नीमान राहिलो तर घराण्याची रीत मोडते, कारण रीत म्हणजे जिच्या घरी जाल तिचं नाव घ्या. श्लुकेबिअर झालो तर रीत राहते पण नाव जातं. नाव गेलं तर कुणाचं गेलं, तर ते मुळात आपलं नव्हतंच, वाडीचं होतं, आणि वाडीवर ते देत्लेफ नीट सांभाळतो आहे. इथपर्यंत मला समजतं. पण मग तू ज्या नावासाठी एवढं सोडलंस ते काय होतं, इथे येऊन माझं डोकं चालत नाही. मला एवढंच सांगता येतं, की नीमान हे नाव मला चांगलं वाटायचं ते आजोबांच्या सिंहामुळे नव्हे. शाळेच्या दारात ते तू ठणकावून सांगितलं होतंस, म्हणून. तेव्हा मनापासून विचारतो, मी काय करू? तू नको म्हणालीस तर नको.

गुडघ्याला मलम लाव. थंडीत खिडकी उघडी टाकून झोपू नकोस.

तुझाच,
एकेहार्ट

ता. क. हे पत्र ब्र्योकरबाईंना वाचायला देऊ नकोस. पत्त्यांत लबाडी करणारी बाई नावांचं काय करील ह्याचा नेम नाही.

आणखी ता. क. वर मी तुझा सल्ला विचारला आहे. मनापासूनच विचारला आहे, पण जरा उशिरा. मागच्याच्या मागच्या शुक्रवारी नगरपालिकेत आमचं लग्न झालं. तिनं माझं नाव घ्यायचं कबूल केलं होतं, मीच तिचं घेतलं. साक्षीला देत्लेफ आला होता, कौलं अर्धी टाकून. नव्या नावाने सही करायची होती, पण माझा हात सवयीने 'नी' काढून गेला आणि कागद बदलावा लागला. मग रोझविता कानाशी एकेक अक्षर सांगत गेली आणि मी ते लिहीत गेलो. तुला आधी कळवायचा धीर झाला नाही. मी फोन लावायचो, तू 'नीमान बोलतेय' म्हणायचीस आणि मी ठेवून द्यायचो. कुणी मेला नुसता फोन लावून ठेवून देतो अशी तुझी तक्रार होती ना, तो मेला मी.

अगदी शेवटचं, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. बँकेत, दवाखान्यात, पोस्टात सगळ्यांनी मला नव्या नावाने हाका मारायला सुरुवात केली आहे. मी वळून बघत नाही. मला वाटतं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. मी जन्मलो तेव्हा आई आजारी होती, आणि मला नावाने पहिली हाक तू मारलीस असं बाबा सांगायचे. तेवढं आणखी एकदा कर. मला उत्तर लिही, चार ओळींचं, चारही ओळी शिव्यांच्या असल्या तरी चालतील. पाकिटावर मात्र 'एकेहार्ट श्लुकेबिअर' असं तुझ्या हाताने लिही. तुझ्या अक्षरात वाचलं की ते माझं आहे हे मला पटेल.